मागच्या सीटची शिवण

५ फेब्रुवारी

सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचा पत्ता बरोबर असेल तर हे तुझ्या हातात पडेल. घराचा नंबर तुझ्या सासूने सांगितला. तिला तो पाठ आहे. तिला पाठ आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पत्र बघून घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे. कुणी आजारी नाही, कुणी काही मागायलाही लिहीत नाहीये. कळवायचं एवढंच की आम्ही दोघं गाडीने एक मोठी फेरी मारायची म्हणतोय. तुझ्या सासूच्या गुडघ्यांना इथली हवा मानवत नाही, जिना उभा आहे, म्हणून म्हटलं, जागा बदलून बघावी. कुठे राहायला बरं वाटेल ते आपल्या डोळ्यांनी बघून यायचं, मग ठरवायचं. घाई काही नाही. आधी समुद्राकडे तुझ्या मावससासूच्या गावी. तिथून वर डोंगरात. माझ्या हाताखाली शिकलेल्या कारागिराने तिथे गाड्यांच्या सीटचं स्वतःचं दुकान टाकलंय, तो कधीपासून बोलावतोय. मधे तुमचं गाव वाटेवरच पडतं. म्हणून कळवलं.

गाडी कोणती म्हणशील. तीच. आमचा मुलगा गेल्यापासून चार वर्षं ताडपत्रीखाली होती. तू दुसरं लग्न करून इथून गेलीस तेव्हाही तशीच होती. मेकॅनिकने परवा ती चालू केली. आवाज ऐकून तुझी सासू गॅलरीत आली आणि ओरडली, "बंद करा हो ती!" मी किल्लीकडे हात नेला, तर म्हणाली, "थांबा. राहू द्या जरा."

मेकॅनिक म्हणाला, टायर बदला, बॅटरी बदला, पट्टा बदला. मी विचारलं, मग जुनं राहिलं काय? म्हणाला, "तुम्ही."

माझ्या नातीला, खारूताईला गोड पापा. अजून वस्तू लपवून ठेवते का?

तुझा सासरा

२० फेब्रुवारी

सूनबाईस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. पत्र मिळालं नसेल असं मी धरून चाललो आहे. तुझी सासू म्हणते मिळालं असेल. तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

म्हणून पुन्हा लिहितो, आणि या वेळी नीट लिहितो, कारण ती म्हणाली की पहिल्या पत्रात मी सगळी लपवाछपवी केली. घर जातंय. रस्ता रुंद होणार आहे. पालिकेचे लोक आले आणि दुकानाच्या भिंतीवर लाल रंगाने फुली मारून गेले. वरच्या मजल्यावर फुली नाही, पण खालचं पाडल्यावर वरचं काय हवेत राहणार? एप्रिलअखेर जागा मोकळी करायची आहे. समोरचा कुलूपवाला गेलासुद्धा. तेव्हा घाई नाही असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं.

फेरीची आखणी मात्र पक्की झाली आहे. शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही (तुझी सासू म्हणते, चौथीतही बसला नाहीत), पण नकाशा मला वाचता येतो. भिंतीवर मोठा नकाशा लावला आणि रस्त्यांवर शिवणकामाचा धागा धरून मोजलं. नकाशाच्या खाली पट्टी दिलेली असते, तिच्याशी धागा लावला की अंतर कळतं. समुद्रापर्यंत एक दिवस. तिथून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत तुमचं गाव. मी मोजत होतो तेव्हा ही भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "किती ताणताय? तुटेल तो धागा." मी म्हटलं, धागा ताणल्याशिवाय माप येत नाही. आयुष्यभर हेच केलंय, मला शिकवू नकोस.

तू ज्या दिवशी निघालीस, त्याबद्दल ही मला अजून बोलते. म्हणते, पोरगी टेम्पोत बसून हात हलवत होती आणि तुम्ही मान वर केली नाहीत. पण माझ्या दातांत वाकडी सुई होती, हातात एका टॅक्सीच्या सीटची अख्खी पाठ होती. ती मधेच सोडली असती तर फोम उलटला असता. तू काय समजायची ते समजली असशील. सुई होती एवढंच सांगतो.

तुमच्याकडे आम्ही ओझं होऊन येणार नाही. गावाबाहेर कुठे स्वस्त लॉज असेल तर कळव.

तुझा सासरा

७ मार्च

सूनबाईस आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. "रविवारी येत असाल तर चहाला या. मुक्कामाचं जमणार नाही."

मी ते वाचलं आणि खिशात ठेवलं. मग ही म्हणाली, "मला द्या." मग तिने वाचलं आणि तिच्या उशीपाशी ठेवलं. मग मी पुन्हा मागितलं. काल मी म्हटलं, यात कुठेच "बाबा" लिहिलेलं नाही. ही म्हणाली, "चहा लिहिलाय ना? आता तुम्हाला काय साखरही लिहून हवी?"

तेव्हा आम्ही येतो. चहा घेऊ आणि निघू.

आता तुला एक सांगतो. गाडीची मागची सीट मी उसवली. रेक्झिन चार वर्षांत कडक होऊन तडकलं होतं, आणि लांबच्या प्रवासात हिला कधी मागे आडवं व्हावं लागलं तर ते टोचेल. मी चाळीस-पन्नास वर्षं सीट शिवतोय, पण या सीटला हात लावायला धजत नव्हतो. ही तर म्हणायची, सगळ्या गावाच्या गाद्या भरून झाल्या, घरची तेवढी राहिली. पहिला टाका कापला, पुढे मग हात आपोआप चालला.

सीटमध्ये काय काय सापडतं तुला माहीत आहेच, तू दुकानात बसायचीस. कंगवे, किल्ल्या, कानातले, एकदा तर कवळी. मला ज्यांनी काम शिकवलं त्या उस्तादांचा एक नियम होता. सीटमधून निघालेलं मालकाच्या हातात दिल्याशिवाय शेवटचा टाका घालायचा नाही. तोवर सीट कच्च्या टाक्यांवर राहील. गिऱ्हाईक ओरडलं तर ओरडू दे. मी हा नियम कधी मोडला नाही. कवळीवाल्या म्हाताऱ्याला शोधायला मी सायकलवरून पार नदीपलीकडे गेलो होतो. तो म्हणाला, माझी नाहीच. तोंडात एक दात नव्हता आणि म्हणे माझी नाही. शेवटी त्याच्या सुनेने घेतली.

या सीटमधून खारूताईचं सगळं भांडार निघालं. खडूंचे तुकडे, बाहुलीचा एक बूट, बिस्किटाचे कागद, केसांची पिन, शिंपला. ते मी एका बरणीत भरलंय. आणखी एक वस्तू आहे, ती बरणीत टाकली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली आहे. ती तिच्या हातात द्यायची. पत्रात लिहिण्यासारखी नाही.

सीट सध्या कच्च्या टाक्यांवर आहे. तशीच घेऊन येतो.

अजून एक. तुमचं गाव वाटेवर पडत नाही. समुद्राकडून डोंगराकडे सरळ रस्ता जातो, तुमचं गाव त्याच्या बरंच डावीकडे राहतं. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुलाही ठाऊक असणार, तुझे यजमान जमिनीचे मोजणीदार आहेत.

तुझा सासरा

१८ मार्च

सूनबाईस आशीर्वाद.

बाविसाव्या तारखेला निघतो, आधी समुद्राकडे, आणि त्यानंतरच्या रविवारी दुपारी बारा ते एक या वेळात तुमच्या दारात. एकपेक्षा उशीर होणार नाही. जेवून येऊ, तेव्हा जेवणाचा घाट घालू नकोस.

मला झोप नाही. पंक्चर झालं तर काय, हिचं औषध संपलं तर काय, रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर काय. मी गाडी शेवटची चालवली ती दवाखान्यापर्यंत आणि परत. परत येताना मागे कुणी नव्हतं. आता या गल्लीत रोज सकाळी पुढे-मागे करून सराव करतो. काल फळवाल्याच्या हातगाडीला जरासं लागलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही सीट शिवा, चालवायला दुसऱ्याला द्या."

दुसरी काळजी अशी की तुझ्या घरच्यांना, म्हणजे यजमानांना, मी हाक काय मारायची? नावाने मारू शकत नाही, साहेब म्हटलं तर परकं वाटतं. हिला विचारलं. ही इस्त्री करत होती. इस्त्री न थांबवता म्हणाली, "तुम्ही सून म्हणता म्हणून अडतंय. ती लेक असती तर तो कोण झाला असता?" कॉलर जळत आली होती, तिकडे बघ म्हटलं.

आणि हे ती मला म्हणाली होती, तुला कळवायचं नाही असं बजावून. पण मी कळवतो. मी तिला नकाशावर समुद्र दाखवत होतो, डोंगर दाखवत होतो, कुठे भाडं किती, कुठे दवाखाना जवळ, सगळं सांगत होतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला घरं बघायची नाहीत हो. पोरगी किती उंच झाली ते बघायचंय. मग कुठेही ठेवा मला."

तुझा सासरा

२५ मार्च

सूनबाईस आशीर्वाद.

तुझ्या मावससासूच्या घरून लिहितो. हे पत्र तुला मिळेल तोवर आम्ही येऊन गेलेलो असू, तरी लिहितो, कारण इथे मला करण्यासारखं काही नाही.

एका दिवसात पोहोचायचं होतं, दोन दिवस लागले. ट्रक फार होते. मधे एका ठिकाणी धर्मशाळेसारख्या जागेत पडून राहिलो. हिने कुरकुर केली नाही, तेच मला जास्त टोचतं.

समुद्राचं काय सांगू. लांबून बरा. खारी हवा घरात शिरते, कपाटाचं कुलूप गंजलंय, सुया तर महिन्यात जातील. तुझी मावससासू चांगली आहे, पण दिवसभर बोलते आणि हिला मधे वाव देत नाही. दोघी बहिणी आहेत की पाहुण्या, कळेना. वरच्या मजल्याची खोली दाखवली. पुन्हा जिनाच. ही खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "छान आहे." ती "छान आहे" कसं म्हणते ते तुला माहीत आहे.

रविवारी पहाटे निघतो. दुपारी बारा ते एक.

तुझा सासरा

३ एप्रिल

सूनबाई,

डोंगरातून लिहितो. माझ्या कारागिराच्या घरी आहोत. तो मला खुर्चीवरून उठू देत नाही, गिऱ्हाइकांना सांगतो हे माझे गुरू. लाज वाटते.

त्या दिवसाचं तुझ्या बाजूने जे झालं ते तुला माहीत आहे. बाराला तू चहाचं आधण ठेवलंस, दोनला उतरवलंस, चारला खारूताई फाटकावरून उतरून घरात गेली, आणि पाचला तू म्हणालीस, "त्यांना यायचंच नव्हतं." हे तुझ्या घरच्यांनी घरी आल्यावर ऐकलं आणि मला सांगितलं. आता माझी बाजू ऐक, तिथे मला नीट बोलता आलं नाही.

घाटाखाली पोहोचायलाच आम्हाला संध्याकाळ झाली. मी मनात म्हणत होतो, रस्ता संपत का नाही? पट्टीवर तर चार बोटंच अंतर होतं. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंप आहे, तिथे गाडी गरम झाली म्हणून थांबवली. हिला म्हटलं, परत फिरू या, एव्हाना तिने दार लावून घेतलं असेल. ही म्हणाली, "तुम्ही फिरा. मी चालत जाते." त्या गुडघ्यांनी!

तेवढ्यात पंपाच्या बाकावरून एक माणूस उठून आला. डोक्याला मफलर, हातात पाण्याची बाटली. त्याने आधी बॉनेट उघडून पाणी घातलं, मग म्हणाला, "नमस्कार बाबा. मी तीनपासून इथे आहे."

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं आम्हाला उशीर होणार?

म्हणाले, "तुम्ही पत्रात धाग्याचं लिहिलं होतं. धागा ताणून धरलात ना? मग वळणं सगळी सुटली. या घाटात मीच मोजणीची साखळी ओढली आहे, सरळ असं काहीच नाही इथे. मी घरी सांगत होतो, आज संध्याकाळ होणार. पण तुमची लेक ऐकेना."

तुमची लेक म्हणाले. मी चमकून हिच्याकडे बघितलं. ही पदराने तोंड पुसत होती आणि गालात हसत होती.

घाट त्यांनी चालवला. मी बाजूला बसलो, ही मागे त्या कच्च्या टाक्यांवर. प्रत्येक वळणाला मी पाय दाबत होतो, जसा ब्रेक माझ्याकडेच आहे. ते समोर बघून चालवत होते. एकदा फक्त म्हणाले, "बाबा, पाय दुखेल."

पुढचं तुझ्या समोर झालं. तू दारात उभी होतीस आणि म्हणालीस, "चहा गार झाला." आणि ही म्हणाली, "गारच दे." मग तुम्ही दोघी आत गेलात. मुक्कामाचं जमणार नाही म्हणाली होतीस, तरी गाद्या घातल्यास. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आता जे तुझ्या समोर झालं नाही ते लिहितो. सकाळी तू डबा भरत होतीस तेव्हा खारूताई माझ्यामागे गाडीपाशी आली. आदल्या संध्याकाळपासून ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलत होती. हो आजोबा, नाही आजोबा. उंच झालीये, हिच्या खांद्याला लागते. मी तिला बरणी दिली. तिने झाकण काढलं, बोटाने खडू बाजूला केले, बूट बाजूला केला, शिंपला बघितलासुद्धा नाही. मग विचारलं, "आणि माझा दात?"

माझा हात छातीशी गेला. दात माझ्या खिशात होता, चिंधीत बांधलेला. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हिलासुद्धा.

म्हटलं, तुला कसं माहीत, दात सीटमध्ये होता?

म्हणाली, "गाडीत पडला तेव्हा मी खूप रडले होते. बाबा म्हणाले, रडू नको, सीटच्या फटीत गेलाय. आजोबा सीट उघडतील तेव्हा सापडेल. आजोबा कुणाची वस्तू ठेवून घेत नाहीत."

मुलगा गेल्यावर खारूताई दोन वर्षं माझ्याच घरात होती. त्या ताडपत्रीभोवती लपाछपी खेळायची. एकदाही विचारलं नाही. गाडीचा विषय काढायचा नाही हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं.

मग म्हणाली, "तुम्ही इतके दिवस सीट का नाही उघडली?"

म्हटलं, सुई बोथट झाली होती.

"मग नवी घ्यायची ना!"

मी चिंधी सोडून दात तिच्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याएवढा. तिने तो उजेडात धरला, जीभ स्वतःच्या पुढच्या दातांवरून फिरवून बघितली, जशी जागा शोधत होती. मला वाटलं, आता आत पळेल, तुला दाखवेल. तिने काय केलं माहीत आहे? मागच्या सीटचा कोपरा उचकटला, कच्च्या टाक्यांमधून हात घातला आणि दात होता तिथे परत ठेवला.

मी म्हटलं, अगं, मी तो द्यायला एवढ्या लांब आलो.

म्हणाली, "दिलात की. आता मला माहीत आहे कुठे आहे ते." मग जराशाने म्हणाली, "आईला तुम्ही सांगा. मी सांगितलं की ती रडते."

म्हणून सांगितलं.

डोंगरातली जागा चांगली आहे. तळमजला, समोर मोकळं अंगण, कारागीर भाडं घेणार नाही म्हणतो. हिने सगळं फिरून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. आता मला आडवळणाने विचारता येत नाही, वयही उरलं नाही. तुझ्या घरच्यांनी निघताना सांगितलं की तुमच्या गावात दोन खोल्या रिकाम्या आहेत. एक तुमच्या पलीकडच्या गल्लीत, एक गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजाराजवळ. म्हणाले, "तिला विचारून ठरवा." बरोबर बोलले. नवीन संसार आहे तुझा. रोज उठून जुनं माणूस दारात दिसावं असं तुला वाटत नसेल, तर त्यात तुझं काही चुकत नाही. तेव्हा आम्ही किती जवळ यायचं ते तू सांग. दुसरं टोक म्हणालीस तर दुसरं टोक. येऊच नका म्हणालीस तर डोंगर आहेच, मी हिला समजावीन. कसं समजावीन ते माहीत नाही.

उत्तर घरी पाठव. आम्ही सहा तारखेपर्यंत पोहोचतो. आठ धर. या वेळी वळणं धरून मोजलं आहे.

बाबा

१६ एप्रिल

चि. सौ. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. "पलीकडच्या गल्लीतली घेतली आहे. दार मोजलं, मशीन जाईल. मशीन आधी पाठवा, नाहीतर तुम्ही तिच्याजवळ बसून राहाल."

ही ते कार्ड घेऊन शेजारीपाजारी फिरून आली. अर्धी गल्ली रिकामी झाली आहे, तरी उरलेल्या घरांत दाखवून आली. कुणी विचारलं म्हणे, तब्येत कशी आहे. म्हणाली, "मला मरायला वेळ नाही आता, सामान बांधायचंय."

मशीन उद्या टेम्पोने निघेल. पायडल वेगळं बांधलंय, जावयांना सांग, उचलताना चाकाला धरू नका, खालच्या पट्टीला धरा. टेम्पोवाल्याला दोनदा सांगितलंय, तिसऱ्यांदा सांगितलं तर तो म्हणाला, "काका, मशीन आहे, नवरी नाही." भिंतीवरचा नकाशा काढला नाही. भिंतीबरोबर जाऊ दे. दुकान झाडून ठेवलं आहे. पाडणाऱ्यांना त्याचं काय, पण झाडलं.

काल मागच्या सीटला पक्के टाके घातले. दिवस गेला त्यात. कडेचं पाइपिंग बदललं, कोपरे दुहेरी शिवले, आता वीस वर्षं बघायला नको. शेवटच्या टाक्याशी मात्र अडलो. आत गिऱ्हाइकाची वस्तू आहे हे माहीत असून मी आजवर सीट बंद केलेली नाही. उस्ताद असते तर हातावर मापाचा गज मारला असता. हिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "मालकिणीने ठेवायला दिली आहे ना? मग तिला लागेल तेव्हा काढता आली पाहिजे."

म्हणून डाव्या कोपऱ्यात, खारूताईचा हात जाईल एवढी शिवण उघडी ठेवली आहे. कडेला दोरा दुमडून घेतलाय, म्हणजे आणखी उसवणार नाही. तिचा हात मोठा होईल तशी वाढवून देईन.

बाबा